किमतशोने हलवलेलं निशाण

किमतशो आणि मी एका बाकावर शिकलो. म्हणजे मी शिकलो, तो बसला. आता मी त्याच शाळेत रशियन शिकवतो आणि सगळं खिजदरा गाव मला मुअल्लिम म्हणतं, म्हणजे मास्तर. किमतशोही म्हणतो, पण त्याच्या तोंडून तो शब्द नेहमी टपली मारल्यासारखा येतो. मी सांगतोय त्या साली तो चौपन्न वर्षांचा होता. बुटका, रुंद, नाकाचं कातडं दर उन्हाळ्यात सोललेलं. तो आमचा वाटाड्या. त्याचा बाप वाटाड्या होता, बापाचा बापही.

आमचं गाव बार्तांग नदीच्या खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला. गुरं उन्हाळ्यात ज्या कुरणावर जातात ते हिमनदीच्या पलीकडे आहे. मधे दीड तासाचा बर्फ. हा बर्फ एका जागी राहत नाही. गेल्या साली जिथून बैल गेला तिथे या साली घर मावेल एवढी भेग असते, आणि तिच्यावर वीतभर हिमाचं झाकण बसलं की ती दिसतही नाही. म्हणून जून लागला की किमतशो काठी घेऊन एकटा वर जातो, पावलापावलाला काठी खुपसतो, जुनी निशाणं मोडतो आणि नवी रचतो. निशाण म्हणजे झेंडा नव्हे, कंबरेइतकी दगडांची रास. अशा एकोणीस. एकीवरून पुढची दिसलीच पाहिजे. दोन्हींच्या मधला बर्फ तपासून झाला की वरच्या दगडाला तो लाल लोकर बांधतो. लोकर दिसली की गावाने डोळे मिटून चालायचं. आमच्या बायका पाठीवर तान्ही पोरं आणि डोक्यात भलतेच विचार घेऊन तो बर्फ ओलांडतात, आणि आजवर कुणाचा पाय घसरला नव्हता.

निशाणाला त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. वीस वर्षांचा असताना मी गंमत म्हणून एका राशीवर एक दगड जास्तीचा ठेवला, तेव्हा त्याने माझ्या कानाखाली असा आवाज काढला की दोन दिवस मला डाव्या कानाने मेंढ्याच ऐकू येत होत्या. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी त्याला निष्काळजी समजू नये.

दहाबारा वर्षांपासून आमच्याकडे फोटोवाले येतात. गिर्यारोहक वेगळे, त्यांना घाई असते. हे लोक एका दगडावर बसून दोन दिवस ऊन पडायची वाट बघतात. सुरुवातीला किमतशो त्यांना वेडे म्हणायचा. मग त्यांच्यातल्या कुणीतरी त्याला कॅमेऱ्याला डोळा लावू दिला, आणि माणूस बिघडला. मी बिघडला म्हणतो, पण खरं तर त्याला नजर आली. तीस वर्षं जो बर्फ त्याने फक्त पायाखालून ओळखला होता, तो त्याला पहिल्यांदा समोर दिसला. मग तो दोन्ही हातांची बोटं जोडून चौकट करायचा आणि तिच्यातून डोंगर बघायचा, पोरांचे चेहरे बघायचा, आईची चूल बघायचा. धाकटा भाऊ नबोत त्याला अका म्हणायचा, म्हणजे दादा, आणि त्याची फार टर उडवायचा.

"मुअल्लिम, अका आता गाईचं दूध काढतानाही आधी प्रकाश बघतो," नबोत म्हणायचा. "गाय म्हणते, बाबा, काढ एकदाचं, पाय दुखले."

नबोत बारा वर्षांनी लहान. किमतशोला मूलबाळ नाही, बायको लवकर गेली, त्यामुळे बर्फाची विद्या त्याने भावाला दिली होती. त्याच्यानंतर काठी नबोतच्याच हातात जायची हे ठरलेलं होतं. नबोतची बायको शकरमो आणि दोन मुली उन्हाळाभर पलीकडे कुरणावरच्या झोपड्यांत असायच्या.

त्या ऑगस्टमध्ये योरिस आला. बेल्जियमचा, साठी ओलांडलेला, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, रशियनमध्ये बोलायचा, पण आवाज इतका हळू की माझ्यासारख्या दुभाष्याला कान पुढे करावा लागायचा. भला माणूस होता. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. आमचा तंबू हिमनदीच्या पलीकडच्या कडेला, दगडगोट्यांच्या बांधावर होता. झोपड्या तिथून खाली तासाभरावर. योरिसला एकच चित्र हवं होतं: ज्या शिखराला आम्ही नुसतं बोबो म्हणतो, आजोबा, ते शिखर आणि त्याच्या पायाशी बर्फावर एकटं निशाण.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अकराव्या निशाणापाशी उतरलो. योरिसने ट्रायपॉड मांडला, हलवला, पुन्हा मांडला, आणि सुस्कारा टाकून काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतो?" किमतशोने विचारलं.

मी ते गिळून टाकलं असतं तर चाललं असतं. योरिस मला उद्देशून बोललाच नव्हता. पण दुभाष्याची जीभ फार खाजते. "म्हणतो, निशाण बोबोच्या बरोबर खाली असतं तर काय मजा आली असती. थोडं बाजूला पडतंय."

किमतशोने कॅमेऱ्याला डोळा लावला. बराच वेळ लावला. "चाळीस पावलं डावीकडे हवं," तो म्हणाला. स्वतःच म्हणाला. योरिसने मागितलं नव्हतं, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

"अरे, पण निशाण..."

"मुअल्लिम, निशाण माझं आहे की तुझ्या शाळेचं? अर्ध्या तासाचं काम. परत जागेवर ठेवीन."

त्याने डावीकडे जाऊन काठी खुपसली. जिथे रास रचायची ती जागा पक्की निघाली. आम्ही पलीकडून आलो होतो. गावाकडच्या बाजूने, दहाव्या निशाणापासून त्या नव्या जागेपर्यंत कोण कसा येईल, तिकडे त्याने काठी घातली नाही. घालायचं कारणच नव्हतं, कुणी चालणार नव्हतं ना. आम्ही तिघांनी दगड वाहिले. योरिस गुडघे धरत धरत एकेक आणत होता आणि लहान मुलासारखा खूश होता. शेवटी किमतशोने जुन्या दगडावरची लाल लोकर सोडली, दोन पावलं मागे सरला, बोटांची चौकट केली आणि म्हणाला, "लाल हवंच. त्याशिवाय उठत नाही." आणि ती लोकर त्याने खोट्या निशाणाला बांधली.

ऊन आलं नाही. बोबोच्या मागून ढग चढला आणि सगळं राखाडी झालं. आम्ही अर्धा तास थांबलो, तास थांबलो. योरिसच्या ओठांना निळी झाक आली. त्याने भीतभीतच विचारलं, सकाळी उजाडता उजाडता वरच्या खांद्यावरून चांगलं दिसेल, तोवर हे असंच राहू देता येईल का?

किमतशो निशाणाकडे बघत उभा राहिला. खोटं निशाण उभं ठेवून सूर्य मावळू द्यायचा नाही, हे त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं. मलाही ठाऊक होतं, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. "नबोत परवा येणार," तो म्हणाला. "रोट्या आणि रॉकेल घेऊन. उद्या कोण येतंय?"

"कोणी नाही," मी म्हणालो. हे दोन शब्द माझे.

रात्री भुरभुर हिम पडलं. सकाळी ढग फाटला आणि आम्ही तंबूच्या वरच्या खांद्यावर चढलो. तिथून निशाण बोबोच्या थेट खाली दिसत होतं, लाल ठिपक्यासकट. योरिसने लांब लेन्स लावली, आणि ती फिरवता फिरवता मधेच थांबला.

"तिथे माणूस आहे," तो म्हणाला.

मी ते भाषांतर करायच्या आधीच किमतशोने त्याला बाजूला केलं होतं. मी त्याचा चेहरा बघत होतो. अर्धा चेहरा कॅमेऱ्यामागे, उरलेल्या अर्ध्यातलं रक्त उतरत गेलं. "नबोत," तो म्हणाला. "आठव्यावर आहे."

नंतर कळलं ते असं. आदल्या दुपारी गावातून बोबोवर चढलेला ढग दिसला. नबोत आईला म्हणाला, नान, वर हिम पडणार, अकाचं रॉकेल संपत आलं असेल, मी परवाऐवजी आत्ताच निघतो. रात्री तो अलीकडच्या कडेला मेंढवाड्यात झोपला आणि उजाडताच बर्फावर उतरला. भाऊ थंडीत राहू नये म्हणून.

किमतशो ओरडला. दोन्ही हात तोंडाशी धरून, मानेच्या शिरा तट्ट फुगेपर्यंत ओरडला. मधे निदान पाऊण तासाचं अंतर होतं आणि वारा आमच्या तोंडावर होता. त्याने कोट काढून फिरवला. मग कोट तिथेच टाकून तो त्या उतारावरून धावत सुटला. धावणं कसलं ते, पडत होता, उठत होता, पुन्हा पडत होता.

"दोर!" त्याने न वळता आरोळी दिली. "मुअल्लिम, दोर आण!"

मी जायला हवं होतं. माझे पाय हलले नाहीत. मी लेन्सला डोळा लावला. लेन्समध्ये नबोत इतका जवळ होता की त्याच्या कोटाचं तुटलेलं बटण दिसत होतं. तो दहाव्या निशाणापाशी पोचला, पाठीवरचं ओझं राशीला टेकवून उभा राहिला, टोपी काढून डोकं खाजवलं. नजर सरळ लावली. सरळ रेषेत अकरावं नव्हतं. त्याने मान उजवीकडे फिरवली, मग डावीकडे. थांबला. त्याला शंका आली होती, ते मला दिसत होतं. वाट त्याने भावाबरोबर जूनमध्ये चालून बघितलेली, ती सरळ जाते हे त्याला पक्कं माहीत होतं. मी मोठ्याने बोलत होतो, "नको, नबोत, नको रे, बस तिथेच, खाली बस." मग त्याला लाल लोकर दिसली. त्याने टोपी घातली, ओझं उचललं आणि लोकरीकडे वळला. अकाने मधेच वाट बदललेली दिसते, एवढंच त्याच्या मनात आलं असणार. जी खूण दिसेल ती खरी, असं त्याला शिकवणारा त्याचा भाऊच होता.

तेवीस पावलं मी मोजली. चोविसाव्याला हिम खाली बसलं आणि तिथे एक निळं भोक उरलं.

मी दोर घेऊन पोचलो तेव्हा किमतशो भेगेच्या कडेला पोटावर पडून आत बोलत होता. आतून नबोतचा आवाज येत होता. जिवंत होता! योरिस मागून आला, खांद्यावर ट्रायपॉड. त्याने न सांगता तो आडवा बर्फात पुरला, वर पाय दिले, आणि आम्ही त्याला दोर बांधला. दुसरं टोक किमतशोच्या कंबरेला. आम्ही त्याला खाली सोडलं.

नबोत चार माणसं खोल होता. वरून दोन हात रुंद असलेली भेग खाली निमुळती होत गेली होती आणि तो छातीशी तिच्यात अडकला होता, पाठीवरच्या रॉकेलच्या डब्यासकट. एक हात अंगाशी दबलेला, दुसरा डोक्यावर, मोकळा. त्या अरुंद जागेतून त्यांचं बोलणं आम्हाला अगदी शेजारी बसल्यासारखं ऐकू येत होतं.

"अका, किती उशीर," नबोत म्हणाला. "माझं थंड मटण झालं."

"गप्प बस. दम राख."

"दम आहे कुठे राखायला? तुझा डबा बसलाय छातीवर."

किमतशोने चाकूने डब्याचे पट्टे कापले, पण डबा सुटला नाही. भावाच्या बगलेखालून दोर घालायला जागा नव्हती, म्हणून त्याने मोकळ्या मनगटाला आम्ही वरून सोडलेल्या दुसऱ्या दोराचा दुहेरी फास घातला आणि आम्हाला ओढायला सांगितलं. आम्ही ओढलं. नबोत असा किंचाळला की योरिसच्या डोळ्यांतून पाणीच आलं. खांदा निखळला होता.

"थांबा!" किमतशो खालून ओरडला. "सोडा! दुखतंय त्याला!"

आम्ही सोडलं. नबोत टीचभर आणखी खाली घसरला. अंगाच्या उबेने बर्फ वितळत होता आणि तो हळूहळू आत जात होता. किमतशो उलटा लटकून चाकूने बर्फ खरवडू लागला. नऊ वाजल्यापासून तो खरवडत होता. वितळलेलं पाणी त्याच्या बाहीतून आत जात होतं, बोटं वळत नव्हती तेव्हा चाकू दातांत धरत होता. मी दर थोड्या वेळाने विचारत होतो, ओढू का? तो म्हणायचा, थांब, अजून थोडं सुटू दे. दहा वाजता योरिस उठला. मला म्हणाला, मी माणसं आणतो. त्या गुडघ्यांवर, ज्या वाटेचं त्याला एक निशाण धड माहीत नव्हतं त्या वाटेने, तो झोपड्यांकडे निघाला. जाता जाता त्याने मला विचारलं, "तिचं नाव काय?" मी म्हणालो, "शकरमो." तो ते नाव घोकत गेला.

मी एकटा दोर कंबरेला गुंडाळून बसून राहिलो. खाली दोघे बोलत होते.

"अका, तू म्हातारा झालास," नबोतचा आवाज आता सावकाश येत होता. "अकरावं चुकलंय तुझं. भलतीकडेच रचलंस. लोकर तर ताजी बांधलीयेस."

चाकूचा आवाज थांबला. मला वाटलं, तो काहीच बोलणार नाही. मला वाटलं, न बोलला तर बरं. मेल्या माणसाला... नाही, तेव्हा नबोत मेला नव्हता, पण मी असाच विचार केला, हे कबूल करतो.

"चुकलं नाही," किमतशो म्हणाला. "मी हलवलं. काल. फोटोसाठी."

खाली पाणी ठिबकत होतं.

"तू?"

"मी."

"मग," नबोत म्हणाला, आणि त्याला खोकला आला, "चांगला आला का तरी?"

"आला," किमतशो म्हणाला.

आला नव्हता. एकही फोटो निघाला नव्हता. आदल्या दिवशी ऊन पडलं नाही, आणि त्या सकाळी योरिसने लेन्स लावली ती माणूस दिसेपर्यंतच.

"मग ठीक," नबोत म्हणाला. "माझा काढ म्हटलं की तुला वेळ नसतो." मग थोड्या वेळाने, "अका, नानला हे सांगू नकोस. सांग, नबोत वेंधळा, वाट चुकला. तिला माहीतच आहे मी वेंधळा. दोन मुलगे एका दिवसात कशाला घालवायचे तिचे?"

"बोलू नकोस."

"सांगू नकोस हं. मुअल्लिम, तू पण. ऐकतोयस ना वर?"

"ऐकतोय," मी म्हणालो. त्यानंतर त्याने मुलींची नावं घेतली. मग त्याचं काही कळेना, शब्द एकमेकांत मिसळू लागले, आणि किमतशो त्याला लहानपणीच्या शिव्या देऊन जागं ठेवू लागला. "ए गाढवा! ए शेंबड्या! डोळे उघड! नाक पूस!" एकच्या सुमाराला तो शिव्या द्यायचा थांबला. चाकूचा आवाज मात्र चालूच राहिला. मी हाक मारली, दोर हलवला, तो नुसता खरवडत होता.

तीन वाजता बायका आल्या. पाच जणी, बकरीच्या केसांचे वळलेले दोर खांद्यावर, आणि सगळ्यांत पुढे शकरमो. योरिस खूप मागे हातांवर रांगत येत होता. शकरमोने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दोर हातात घेतला. त्यांनी आधी किमतशोला वर ओढायला बघितलं, तो येईना. त्याने भावाच्या मनगटाचा फास आपल्याच कंबरेच्या दोराला बांधून टाकला होता. मग सगळ्यांनी मिळून दोघांना ओढलं. आतून हाडं मोडल्याचा आवाज आला आणि नबोत सुटला. एवढ्या सहज सुटला! मेलेल्याला दुखत नाही, ओरडत नाही, म्हणून कुणी थांबलं नाही.

किमतशो बर्फावर गुडघ्यांवर बसून त्या मोडक्या हाताकडे बघत होता. "हात तुटला असता," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही, असंच. "नुसता हात तुटला असता. मीच थांबा म्हणालो." ते ऐकून मला जे झालं ते मी लिहू शकत नाही. निशाण हलवण्याचं एक वेळ माणूस सोसेल. पण माया आड आली आणि तिनेच मारलं, हे घेऊन कसं जगायचं?

नबोतला गावात आणलं, पुरलं. तिसऱ्या दिवशी सगळं गाव त्यांच्या घरी, आमच्या घरांना असतात त्या पाच खांबांमध्ये, मांडी घालून बसलं होतं. खलीफांचं, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचं, वाचन संपलं तसा किमतशो उठून उभा राहिला. हाताला चिंध्या, दोन बोटं काळी पडलेली. मला कळलं आणि मी त्याची बाही ओढली. "त्याने सांगितलंय," मी कुजबुजलो. "शेवटचं सांगितलंय त्याने, बस खाली."

"निशाण मी हलवलं," किमतशो म्हणाला. "लोकर मी बांधली. खोटं निशाण रात्रभर उभं ठेवलं. तो वाट चुकला नाही. तो माझ्या वाटेने आला."

मीही उठायला हवं होतं, सांगायला हवं होतं की योरिसचा सुस्कारा मी ऐकवला, 'कोणी नाही' हे मी म्हणालो. मी उठलो नाही. आज हे लिहितोय ते त्यासाठीच. त्याच्या आईने उठून सगळ्यांना चहा दिला. दूध, लोणी, मीठ घातलेला चहा. आमच्याकडे वाटी माणसाच्या हातात देतात, दुसरा हात आपल्या छातीवर ठेवून. तिने किमतशोची वाटी त्याच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली आणि पुढे गेली.

त्या हिवाळ्यात तो कुणाकडे गेला नाही, कुणी त्याच्याकडे गेलं नाही. दोन बोटं गेली. वसंतात प्रश्न आला तो गुरांचा. चारा संपला होता आणि कुरण पलीकडे. नवी वाट लावणार कोण? दुसऱ्या कुणाला बर्फाची विद्या येत नव्हती. ज्याला शिकवलं होतं तो कबरीत होता. शेवटी खलीफा स्वतः किमतशोच्या दारात गेले. तो म्हणाला, "तुम्ही माझ्या मागून चालाल?" खलीफा म्हणाले, "गुरं तरी चालवावी लागतील." हे बोलायला नको होतं, पण खोटंही नव्हतं.

आठ दिवस तो काठी घेऊन वर होता. मग सगळे निघालो, गुरं, बायका, पाळणे, आणि शेवटी मी. पहिल्या निशाणाला लोकर होती. तरीही बायका थांबल्या. एकीने काठी काढून पुढचं हिम खुपसून बघितलं. मग दुसरीने. आजवर असं कधी झालं नव्हतं. फक्त काठ्यांचा आवाज, आणि गुरं खोळंबलेली. किमतशोने मागे वळून बघितलं. मग तो पुढच्या वाटेवर दहा पावलं गेला, पाय जुळवले, आणि उडी मारली. धप्प. मग आणखी एक. आणखी एक. पंचावन्न वर्षांचा माणूस, दोन बोटं गेलेला, बर्फावर उड्या मारून दाखवत होता की बघा, धरतंय, बघा, या. पोरं हसायला लागली आणि आयांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवले.

दुसऱ्या निशाणावर तेच. तिसऱ्यावर तेच. प्रत्येक ठिकाणी तो आमच्याकडे न बघता पुढे जायचा, तीन उड्या मारायचा आणि बाजूला उभा राहायचा. दहाव्यापाशी पोचेपर्यंत तो धापा टाकत होता, नाकातून पाणी वाहत होतं. तिथे गुरंसुद्धा कशी कोण जाणे, गप्प उभी राहिली. तो अकराव्याच्या दिशेला गेला आणि उड्या मारू लागला. तीन झाल्या तरी थांबेना. चार, सहा, नऊ, ढोपरापर्यंत हिम उडत होतं. जणू ते फुटावं असंच त्याला वाटत होतं.

तेव्हा शकरमो रांग सोडून पुढे झाली. मुलीचा हात तिने माझ्या हातात दिला. वर्षभरात ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती त्याच्यापासून दोन पावलांवर जाऊन उभी राहिली.

"अका," ती म्हणाली, "इतक्या जोरात नको. तुलाही ओढून काढायचं बळ माझ्यात आता नाही."

तो थांबला. त्याने तोंड फिरवलं आणि बाहीने नाक पुसलं. ती काठी न खुपसता पुढे चालू लागली, आणि तिच्यामागून गुरं निघाली. बाकीच्या बायका मात्र खुपसतच चालल्या. बाराव्या निशाणावर त्याने पुन्हा उड्या मारल्याच, फक्त जरा हळू.